आधी पाठ बघा: अलाबास्टरच्या एका जुन्या फलकाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ इंग्लंडमध्ये डर्बीला राहतात. तिथल्या एका छोट्या लिलावात, कुणाचं तरी घर रिकामं करताना निघालेल्या सामानात, त्यांना पांढऱ्या दगडाचा एक कोरीव फलक मिळाला. उंची ४१ सेंटीमीटर, रुंदी २६, जाडी साडेचार, वजन सात किलोच्या आसपास. दाढीवाला एक पुरुष दगडी पेटीतून बाहेर पाऊल टाकतोय आणि ते पाऊल थेट खाली झोपलेल्या शिपायाच्या अंगावर पडलंय. त्यांचे प्रश्न चार: हा संगमरवर आहे का, खरंच जुना आहे का, काळवंडलाय तर कशाने धुवावा, आणि पुण्याच्या घरी आणता येईल का. सोबत समोरच्या बाजूचे सहा फोटो.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे थांबू शकतात. धुवू नका. पाण्याने नाही, साबणाने नाही, आणि आपण पितळेच्या देवांना लावतो तसं चिंच-लिंबू तर मुळीच नाही. ओलं फडकंसुद्धा फिरवू नका.

फोटोंवरून हा अलाबास्टर दिसतो, म्हणजे घट्ट, बारीक कणांचं जिप्सम. आणि जिप्सम पाण्यात विरघळतं. लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम, म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण नाकाचा शेंडा, पापणीची कड, दाढीच्या बटा ही सगळी करामत दगडाच्या अगदी वरच्या थरात असते आणि पाणी नेमकं तिथूनच सुरुवात करतं. मी शिकाऊ होते तेव्हा अशाच एका तुकड्यावरच्या शिपायाचा गाल ओल्या बोळ्याने टिपला होता. बोळ्यावर तपकिरी मळ आला आणि मी खूश झाले. बोळा वाळल्यावर त्यावर पांढरी भुकटी दिसली. ती भुकटी म्हणजे तो गाल होता. त्या जागी मेणासारखी झळाळी जाऊन साखर सांडल्यासारखा खरखरीत ठिपका उरला, तो आजही तसाच आहे. दगडाच्या कामात चूक पुसता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

शिवाय तुम्ही ज्याला काळेपणा म्हणताय तो सगळाच मळ असेल असं नाही. तिसऱ्या फोटोत शिपायाच्या कोपराखाली, खडबडीत जमिनीवर, जो गडद तपकिरी-हिरवट पट्टा दिसतोय तो मला मूळ रंगाचा अवशेष वाटतो. त्याबद्दल पुढे बोलू. तोवर मऊ, कोरडा, नवा कुंचला घेऊन सैल धूळ झटका, तीही रंग नाही अशाच जागी. बाकी हात लावू नका.

आता दगड. संगमरवर आणि अलाबास्टर यांत गल्लत सगळेच करतात, लिलाववालेही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अलाबास्टर म्हणजे पाण्याचे रेणू धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट. गोंधळ वाढवायला इजिप्तच्या थडग्यांतल्या बरण्यांनाही अलाबास्टरच म्हणतात, आणि त्या बहुतेक कॅल्साइटच्या असतात, म्हणजे रसायनाने संगमरवराच्या भाऊबंद. मध्ययुगीन इंग्लंडचा अलाबास्टर मात्र जिप्समच. कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो २ वर बसतो आणि नखाने ओरखडतो. संगमरवर ३ वर, तो नखाला दाद देत नाही. पाठीच्या बाजूला, कुठल्याही खुणेपासून लांब, नखाची टोकं हलकेच फिरवून बघा. समोरून हा प्रयोग करायचा नाही. हाताला तो संगमरवराइतका गार लागणार नाही. अंधाऱ्या खोलीत पातळ कडेमागे मोबाइलचा टॉर्च धरलात तर कड मधासारखी उजळेल. प्लास्टरचा ओतीव नमुना असता तर उजेड आरपार आला नसता, आणि भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं दिसली असती.

वजनाचा हिशोबही जुळतो. ४१ गुणिले २६ गुणिले साडेचार म्हणजे सुमारे ४,८०० घनसेंटीमीटर. जिप्समची घनता २.३, म्हणजे न कोरलेली लादी ११ किलोची. त्यातला तिसरा हिस्सा कोरून काढला की सात-साडेसात उरतात. हा काही पुरावा नव्हे, पण लिलावाच्या हॉलमध्ये उभं असताना असं गणित उपयोगी पडतं.

याच जिप्समला भट्टीत तापवून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं, ज्याच्या गणपतींवरून आपल्याकडे दरवर्षी वाद झडतो. म्हणजे तुमचा फलक आणि ते प्लास्टर एकाच खनिजाची दोन रूपं. म्हणूनच फलक शेकोटीच्या वरच्या फळीवर, हीटरजवळ किंवा तापणाऱ्या दिव्याखाली ठेवू नका. उष्णतेने दगड पांढराफटक, अपारदर्शक आणि भुसभुशीत होतो आणि मग त्याला पूर्ववत करायचा उपाय नाही.

आता एक गंमत. तुम्ही डर्बीत राहता. चेलॅस्टन हे तुमच्या शहराचं दक्षिणेकडचं उपनगर, आणि मध्ययुगात इंग्लंडचा उत्तम अलाबास्टर तिथून निघत असे. दुसरी मोठी खाण टटबरीच्या परिसरात, स्टॅफर्डशायरमध्ये. टटबरीच्या चर्चचा पश्चिमेकडचा नॉर्मन दरवाजा बाराव्या शतकातला आहे आणि त्याच्या कमानीच्या एका पट्टीत अलाबास्टर वापरलाय. इंग्लंडमध्ये या दगडाचा इतका जुना वापर दुसरीकडे माहीत नाही. एखाद्या रविवारी जाऊन या. आठ शतकं उघड्यावर राहिल्यावर हा दगड कसा दिसतो ते प्रत्यक्ष बघितलंत की पाण्याबद्दलचं माझं पुराण पटेल. टटबरीजवळच फॉल्ड आहे. तिथल्या जिप्समच्या जुन्या खाणीत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बॉम्ब साठवले होते. २७ नोव्हेंबर १९४४ ला त्यांचा स्फोट झाला आणि सुमारे ७० माणसं गेली. खड्डा अजून आहे. याचा तुमच्या फलकाशी संबंध नाही, पण त्या बाजूला गेलात तर न बघता येऊ नका.

दृश्याकडे येऊ. हे येशूचं पुनरुत्थान आहे. तीन दिवसांनी कबरीतून उठून तो बाहेर येतोय. उजवा हात आशीर्वादासाठी वर, डाव्या हातात बहुधा क्रूस लावलेली काठी होती. फोटोत मुठीच्या वर आणि खाली तुटल्याच्या जागा दिसतात, त्या तिच्याच. अंगावरचं वस्त्र बाजूला सरकलंय, कारण बरगडीतली भाल्याची जखम दिसायला हवी. आणि पाऊल शिपायावर. युरोपात इतरत्र ख्रिस्त कबरीच्या वर उभा असतो, कबरीच्या कडेवर पाय ठेवतो किंवा हवेत तरंगतो. झोपलेल्या पहारेकऱ्याच्या अंगावर असं भक्कम पाऊल देऊन उतरणं ही इंग्लिश अलाबास्टरवाल्यांची खासियत. फ्रान्सच्या एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये असा फलक दिसला तर तो इंग्लंडहून आला असणार, अशी पहिली शंका मला याच पावलावरून येते.

मजा अशी की शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, हा क्षणच वर्णिलेला नाही. बायका कबरीपाशी पोचतात तेव्हा ती रिकामी असते. मत्तयच्या शुभवर्तमानात देवदूताला बघून पहारेकरी थरथर कापतात आणि मेल्यासारखे होतात. पुढे याजक त्यांना पैसे देऊन सांगतात की आम्ही झोपलो होतो आणि शिष्यांनी प्रेत चोरून नेलं, असंच लोकांना सांगा. कारागिराने शिपाई झोपलेले दाखवले, आणि त्यांच्या अंगावरून जाणारा ख्रिस्तही दाखवला. म्हणजे लाच घेऊन सांगितलेली गोष्ट आणि खरी गोष्ट एकाच चौकटीत. हे मुद्दाम केलेलं आहे की नुसती परंपरा, यावर मी कुणाशी भांडणार नाही, पण बघणाऱ्याला दोन्ही दिसतात. त्या काळी इंग्लंडच्या शहरांत कारागिरांच्या संघटना रस्त्यावर, गाडीचाच रंगमंच करून, बायबलमधली नाटकं करत. चेस्टरच्या नाटकात पुनरुत्थानाच्या प्रसंगी एक शिपाई तक्रार करतो की त्याने माझ्या पाठीवर पाय दिला. मग फलकावरून नाटकात आलं की नाटकातून फलकावर, यावर अभ्यासकांनी बराच काथ्याकूट केला आहे. माझं मत विचाराल तर एकाच गावात एक माणूस दगड कोरतो आणि दुसरा गाडीवर चढून शिपाई होतो, तेव्हा दोघांनी एकमेकांचं बघितलेलंच असणार. कुणी आधी, हे शोधण्यात मला रस नाही.

शिपायांचा वेष रोमन नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. टोकदार शिरस्त्राण, गळ्याभोवती लोखंडी कड्यांची जाळी, गुडघ्याला पत्रे: हा चौदाव्या-पंधराव्या शतकातला इंग्लिश शिपाई आहे. यावरून काळ काढायचा मोह होतो. पण कारागीर जुने नमुने पिढ्यान्‌पिढ्या वापरत, तेव्हा चिलखत फक्त ‘याच्या आधीचा नाही’ इतकंच सांगतं. तुमच्या फलकाचा उंच आकार, दाटीवाटीची रचना आणि वरची सपाट कापलेली कड, जिच्यावर कमानीदार छत्रीचा वेगळा तुकडा बसत असणार, हे सगळं मला पंधराव्या शतकाकडे नेतं. त्याहून बारीक तारीख फोटो बघून देणाऱ्या माणसापासून सावध राहा.

पण तुम्ही मला सगळे फोटो समोरचेच पाठवलेत. या कामात माझा एक हट्ट आहे: आधी पाठ बघायची. समोरची बाजू भक्तासाठी केलेली असते आणि पुढे गिऱ्हाइकासाठी कुणीही तिची नक्कल करू शकतो. पाठ कुणी बघणार नव्हतं, म्हणून तिथे कारागीर जसा होता तसा सापडतो.

खऱ्या फलकाच्या पाठीवर काय असतं ते सांगते. पाठ गुळगुळीत नसते, टाकीचे तिरपे घाव तसेच सोडलेले असतात. खालचा भाग बरेचदा आतून पोखरून हलका केलेला असतो. आणि दोन, तीन किंवा चार भोकं. त्यांत पितळेसारख्या मिश्रधातूची जाड तार मुडपून घातलेली आणि भोवती वितळलेलं शिसं ओतून पक्की केलेली. या तारा फलकामागच्या लाकडी चौकटीत अडकवत. कारण हा फलक एकटा नव्हताच. वेदीच्या मागे लाकडाचं एक लांबट मखर असे आणि त्यात असे पाच किंवा सात फलक ओळीने बसवत. मधला उंच, दोन्ही टोकांना संतांच्या उभ्या मूर्ती, वर कोरीव छत्र्या, खाली रंगवलेली अक्षरं. ख्रिस्ताच्या यातनांची माळ असेल तर डावीकडे अटक, मग फटके किंवा क्रूस वाहून नेणं, मध्यभागी क्रूसावरचा मृत्यू, मग दफन, आणि उजव्या टोकाला पुनरुत्थान. म्हणजे तुमचा फलक एका गोष्टीचं शेवटचं पान असण्याची शक्यता मोठी. हा क्रम जुळवणाऱ्याला कळावा म्हणून काही फलकांच्या पाठीवर रेघा किंवा खुणा ओरखडलेल्या सापडतात. उजेड बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून टाकलात तरच त्या दिसतात.

पूर्ण मखर कसं दिसे ते बघायचं असेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं ‘स्वॉन्झी मखर’ बघा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, त्यात येशूची आई मरिया हिच्या आनंदाचे प्रसंग आहेत, आणि लाकडी चौकट शाबूत असणाऱ्या मोजक्या मखरांपैकी ते एक. त्याच संग्रहालयात हिल्डबर्ग नावाच्या मूळच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४६ मध्ये आपल्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने २६० हून अधिक अलाबास्टर दिले. नॉटिंगहॅमच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात तीन मूर्ती आहेत, त्यांची गोष्ट जरा पुढे.

आता रंग. आज हे फलक पांढरेशुभ्र दिसतात, म्हणून लोकांना वाटतं ते मुळातच तसे होते. तसं नव्हतं, आणि पूर्ण रंगवलेलेही नव्हते. चेहरे आणि उघडी त्वचा बहुतेक वेळा दगडाचीच ठेवत, कारण घासून तकाकी आणलेला अलाबास्टर कातडीसारखा दिसतो. डोळे, ओठ, भुवया तेवढे रंगाचे. केस, दाढी, वस्त्रांच्या कडा यांना सोन्याचा वर्ख. वस्त्रांचं अस्तर लाल किंवा निळं. लालसाठी हिंगूळ आणि शेंदूर, पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, हिरवा तांब्याचा. पार्श्वभूमीच्या वरच्या भागावर चिकट लगद्याचे छोटे फुगीर ठिपके देऊन त्यांवर सोनं चढवत. मेणबत्तीच्या उजेडात ते चमकत असणार. आणि जमीन गडद हिरवी, तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची पाकळ्यांसारखी फुलं, मध्ये लाल टिंब. हे ठिपकेदार कुरण इतक्या फलकांवर आहे की ती या धंद्याची सहीच म्हणावी. तुमच्या शिपायाच्या कोपराखालचा पट्टा मला त्याच कुरणाचा वाटतो. भिंगातून बघा, पांढरं टिंब सापडलं तर मला कळवा. तांब्याचा हिरवा काळानुसार तपकिरी-काळा पडतो, आणि असंख्य फलकांवरून तो ‘मळ’ म्हणून मालकांनीच खरवडून काढलाय.

रंगातली एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. ख्रिस्ताला मारणारे, पकडणारे, थुंकणारे लोक या फलकांवर कधी कधी मुद्दाम काळ्या-तपकिरी चेहऱ्याचे, वाकड्या नाकाचे रंगवलेले असतात. यहुद्यांविषयीचा त्या काळचा द्वेष तिथे सरळ दिसतो. संग्रहालयाच्या पाटीवर हे बरेचदा हळू आवाजात लिहितात. रंग उडून गेल्यामुळे आज दगड निष्पाप दिसतो, एवढंच.

हे फलक बनवत कुठे? सगळ्यांना सरसकट ‘नॉटिंगहॅम अलाबास्टर’ म्हणायची सवय आहे. नॉटिंगहॅम मोठं केंद्र होतं यात शंका नाही, पण यॉर्क, लिंकन, बर्टन आणि लंडनमध्येही हे काम चाले, तेव्हा तुमच्या पाटीवर तूर्त ‘इंग्लिश, मिडलंड्स’ (म्हणजे इंग्लंडचा मधला भाग) इतकंच लिहा. १३६७ मध्ये राजा तिसरा एडवर्ड याने विंडसरच्या चॅपेलसाठी नॉटिंगहॅमच्या पीटर मेसनकडून ३०० मार्कांचं (मार्क हे तेव्हाचं हिशोबाचं माप) मखर करवलं. ते न्यायला १० गाड्या आणि ८० घोडे लागले. हा राजाचा थाट. दुसऱ्या टोकाला १४९१ चा एक खटला आहे. नॉटिंगहॅमचा मूर्तिकार निकोलस हिल याने आपल्या विक्रेत्यावर फिर्याद केली, ती बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या ५८ शिरांच्या पैशांवरून. तबकात ठेवलेलं योहानाचं शिर हा तेव्हा घराघरांत ठेवायचा फलक होता. त्या शिरावर भुवईच्या वर जखम दाखवलेली असे, कारण फ्रान्समधल्या आमियाँच्या चर्चमध्ये असलेल्या अवशेषावर तिथे भोक आहे. एका फेरीवाल्याकडे एकाच वेळी ५८ नग! म्हणजे आपल्या पेणच्या मूर्तिशाळांसारखाच मामला. नमुना ठरलेला, हात सरावलेला, माल बाहेरगावी जाणारा, आणि तरीही जवळून बघितलं तर दोन नग सारखे नाहीत. या फलकांना ‘घाऊक माल’ म्हणून नाक मुरडणारे अभ्यासक होऊन गेले. मला तो हिणवण्याचा शब्द वाटत नाही. श्रावणात पेणला एक चक्कर मारली असती तर त्यांनाही वाटला नसता.

माल खरोखर लांब जाई. १४५६ मध्ये आइल ऑफ वाइटचा जॉन गुडइयर नावाचा धर्मगुरू यात्रेला गेला आणि स्पेनमधल्या सांतियागोच्या कॅथीड्रलला त्याने संत याकोबाच्या चरित्राचं अलाबास्टर मखर अर्पण केलं. ते अजून तिथे आहे. आइसलँडपासून इटलीपर्यंत असे फलक सापडतात.

मग इंग्लंडमध्येच कमी का? धर्मसुधारणेमुळे, म्हणजे चर्चमधल्या मूर्तींना विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट चळवळीमुळे. सहाव्या एडवर्डच्या राज्यात १५४७ पासून मूर्ती काढून टाकण्याचे हुकूम निघाले आणि १५५० च्या कायद्याने चर्चमधल्या मूर्ती व चित्रं नष्ट करणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी पॅरिसमधल्या इंग्लिश राजदूताने कळवलं की इंग्लंडहून मूर्तींनी भरलेली तीन-चार जहाजं आली आणि पॅरिस, रुआँ वगैरे ठिकाणी माल विकला गेला. म्हणजे फोडायच्या मालाचेही कुणीतरी पैसे केले! जे इंग्लंडमध्येच राहिलं त्याची डोकी आणि हात आधी उडवले. मूर्ती ‘मारायची’ तर तोंड आणि आशीर्वादाचा हात फोडायचा, हे मूर्तिभंजन करणाऱ्याला सगळीकडे ठाऊक असतं. पण काही गावकऱ्यांनी मूर्ती भिंतीत चिणल्या, फरशीखाली पुरल्या. नॉटिंगहॅमजवळच्या फ्लॉफर्डला १७७९ मध्ये चर्चच्या जमिनीखाली संत पीटर, मरिया आणि बाळ, आणि एक बिशप अशा तीन मूर्ती निघाल्या. मघाशी म्हटल्या त्या याच. काही फलक फरशी म्हणून पालथे घातले गेले आणि वरून लोक शतकानुशतकं चालले, त्यामुळेच कोरलेली बाजू वाचली. अशा फलकाची पाठ गुळगुळीत झिजलेली असते. पुन्हा पाठच.

तुमच्या ख्रिस्ताचा चेहरा शाबूत आहे आणि आशीर्वादाच्या हाताची दोन बोटं तुटलीत. यावरून मी निष्कर्ष काढणार नाही. बोटं नुसती पडूनही तुटतात.

खरा की नकली, यावर येऊ. १९ व्या आणि २० व्या शतकात या फलकांना मागणी वाढली तशा नकलाही झाल्या. काही अलाबास्टरच्याच आहेत, म्हणजे नखाची परीक्षा पास होतील. मी बघते ते असं. खऱ्या फलकात हात, काठी, वस्त्राची घडी यांच्या मागून दगड पोखरलेला असतो, बोट आत जाईल इतका. साच्यातून ओतलेल्या नकलेत ते शक्य नसतं, तिथे मागचा भाग भरीव राहतो. झीज उंच जागी जास्त आणि खोबणीत कमी हवी. सगळीकडे एकसारखी तपकिरी छटा म्हणजे चहा, कॉफी किंवा रंगीत मेण. तुटकी जागा नेहमी सोयीची असेल, म्हणजे चेहरा कधीच नाही, काठी नेहमी, तर मनात खूणगाठ बांधा. फोटोवरून कोरणाऱ्याला काही गोष्टी कळत नाहीत. शिपायाच्या हातातल्या कुऱ्हाडीचा दांडा मांडीमागे नाहीसा होतो आणि पलीकडून बाहेरच येत नाही, अशा चुका सापडतात. आणि पाठ: यांत्रिक करवतीच्या समांतर रेघा असतील, भोकं ड्रिलची गोल आणि स्वच्छ असतील, तारेभोवती शिशाऐवजी सिमेंट किंवा प्लास्टर असेल, तर लिलाववाल्याकडे परत जा. मात्र एक सावधगिरी. जुन्या खऱ्या फलकांना मागाहून नव्या चौकटीत बसवताना पाठ कापून पातळ केल्याची उदाहरणं आहेत. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

प्रयोगशाळेचा मार्गही आहे. दगडाच्या कणभर नमुन्यातल्या गंधक, ऑक्सिजन आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तो इंग्लंडच्या मिडलंड्सचा, फ्रान्समधल्या आल्प्सचा की स्पेनचा हे बरंचसं सांगता येतं, कारण हे साठे वेगवेगळ्या भूशास्त्रीय युगांतले आहेत. पण लक्षात घ्या, तो दगडाचं वय आणि गाव सांगेल, कोरणाऱ्याचं नाही. चेलॅस्टनच्या दगडावर १९१० मध्ये कोरलेली नक्कलही ही परीक्षा पास होईल. तेव्हा पैसे घालवण्याआधी पाठीचे फोटो घेऊन व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट किंवा नॉटिंगहॅमच्या संग्रहालयाशी संपर्क करा. संग्रहालयं किंमत सांगत नाहीत, मीही सांगत नाही. लिलावातली पावती, वस्तूचा क्रमांक आणि ज्या घरातून ती आली त्याबद्दल लिलाववाले देतील ती माहिती आजच लेखी घेऊन ठेवा. हा फलक कधीकाळी एखाद्या चर्चमधून चोरीला गेलेला नाही ना, हे चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदीत तपासून घ्या. अशी नोंद ठेवणारं आर्ट लॉस रजिस्टर लंडनमध्येच आहे.

राहिला पुण्याचा प्रश्न. इतकी जुनी वस्तू ब्रिटनबाहेर न्यायची तर निर्यात परवान्याचे नियम लागू होतात. ते काम आर्ट्स कौन्सिल इंग्लंडमधला विभाग बघतो. त्यांना विचारल्याशिवाय फलक सामानात घालू नका, आणि भारतातल्या कस्टम्सचंही आधी विचारून घ्या. परवाना मिळालाच तरी मी म्हणेन, घाई नको. पुण्यातला जून ते सप्टेंबर या दगडाला मानवणारा नाही. ओल धरलेल्या भिंतीवर लोखंडी खिळ्याला टांगलेला अलाबास्टर मी बघितलाय. गंजाचा लाल ओघळ दगडात मुरतो आणि निघत नाही. तिथे ठेवायचाच तर बाहेरच्या भिंतीपासून लांब, काचेच्या बंद कपाटात, लोकरी नमद्याच्या बैठकीवर उभा ठेवा. उचलताना वरच्या कडेला धरून कधीच नाही. दोन्ही हात खाली घालून, छातीशी धरून. या दगडात लालसर मातीच्या शिरा असतात आणि तो नेमका त्यांवरच दुभंगतो. तुमच्या फलकात तशी एक शीर ख्रिस्ताच्या डाव्या गुडघ्यापासून शिपायाच्या शिरस्त्राणापर्यंत गेलेली पहिल्या फोटोत स्पष्ट दिसते आहे.

आता असं करा. टेबलावर जाड रजई घाला, तिच्यावर स्वच्छ सुती कापड, आणि दोघांनी मिळून फलक त्यावर पालथा ठेवा. ज्या जागी रंग किंवा सोनं दिसतं तिथे भार येणार नाही अशी खाली घडी करा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च एका बाजूने आडवा धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो काढा. प्रत्येक भोकाचा जवळून एक, शेजारी पट्टी ठेवून. खालच्या कडेचा एक, वरच्या कडेचा एक. भोकांत तारा असतील तर ओढून बघू नका. शिसं सैल झालेलं असतं.